तीनशे बारचा पंप घरी उघडण्याआधी: दाबाच्या हवेचा थोडा इतिहास आणि कायद्यातली एक फट

पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरात, क्लबात किंवा दुकानात हवेचा कॉम्प्रेसर आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचावी.

गेल्या काही वर्षांत एक नवीन यंत्र आपल्याकडच्या घरांत शिरलंय. टेबलाखाली मावेल एवढी पेटी, त्यात एक मोटर, एक-दोन छोटे पिस्टन आणि वर एक गेज, ज्यावर आकडे ४५०० पीएसआयपर्यंत किंवा त्याच्याही पुढे जातात. हा हाय-प्रेशर कॉम्प्रेसर. २०२२ साली ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील कैरोत १० मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला. त्या खेळातल्या रायफलला बारूद लागत नाही, लागते दाबाची हवा. तिची छोटी नळकांडी साधारण २०० बारपर्यंत भरतात. नेमबाजीकडे वळलेली मुलं आता गावोगावी आहेत आणि दर वेळी शहरात जाऊन हवा भरून आणणं परवडत नाही, म्हणून हे पंप आले. तारकर्ली-मालवणला स्कूबाच्या टाक्या भरायला याच जातीची पण मोठी यंत्रं असतात. आगीत घुसणाऱ्या जवानाच्या पाठीवरची टाकीही अशाच यंत्रावर भरते.

आकडे समजून घ्या. गाडीच्या टायरमध्ये हवा असते सव्वादोन बारच्या आसपास. पंक्चरवाल्याच्या टाकीत आठ-दहा बार. आणि या पेटीत ३०० बार. टायरच्या सव्वाशेपट.

हे स्वस्तातले पंप बिघडतातही लवकर. एखादी ओ-रिंग जाते, व्हॉल्व्ह गळतो, पाण्याची नळी तुंबते. जवळपास सर्व्हिस सेंटर नसतं. विकणारा फोन उचलत नाही. मग माणूस व्हिडिओ बघतो, पान्हा घेतो आणि यंत्र घरीच उघडतो. यात चूक काही नाही. वस्तू दुरुस्त करून वापरणं ही आपली जुनी आणि चांगली सवय आहे. पण या यंत्रातलं काय आपण दुरुस्त करायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे ठरवायला इतिहासाचा उपयोग होतो. कारण यातला प्रत्येक प्रश्न आधी कुणाला ना कुणाला पडलेला आहे, आणि बऱ्याच जणांनी त्याची किंमत मोजलेली आहे.

बंदूक चांगली होती, दुरुस्त करणारा नव्हता

१७८० च्या आसपास ऑस्ट्रियाच्या सैन्यात एक हवेची बंदूक आली. बार्तोलोमेओ जिरार्दोनी नावाच्या कारागिराची. दस्त्याच्या जागी लोखंडी पत्र्याची हवेची टाकी, वीसेक गोळ्या एकापाठोपाठ सुटायच्या, धूर नाही. त्या काळातला साधा शिपाई मिनिटाला दोन-तीन गोळ्या झाडायचा, हे लक्षात घेतलं की हे हत्यार किती पुढचं होतं ते कळतं.

पण टाकी भरायला हातपंपाचे सुमारे दीड हजार दट्टे मारावे लागत. सांध्यांतले चामड्याचे वॉशर ओले ठेवावे लागत, वाळले की हवा गेलीच. टाक्या बनवणं अवघड आणि बिघडल्या तर दुरुस्त करायला तयार झालेला कारागीरच लागायचा. साध्या शिपायाच्या हातात ही बंदूक टिकेना. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत सैन्यानं ती बाजूला ठेवली. त्यामागचं एक मोठं कारण देखभाल आणि दुरुस्ती हेच होतं.

याच काळातली दुसरी गोष्ट अमेरिकेतली. १८०३ ते १८०६ मध्ये लुईस आणि क्लार्क यांची तुकडी खंड ओलांडून पॅसिफिककडे गेली तेव्हा त्यांच्याजवळ एक हवेची बंदूक होती. वाटेत तिची मुख्य स्प्रिंग गेली. तुकडीत जॉन शील्ड्स नावाचा लोहारकाम आणि बंदुकांचं काम जाणणारा माणूस होता, त्यानं ती रानात बसून दुरुस्त केली. म्हणजे घरगुती दुरुस्ती दोनशे वर्षांपूर्वीही होत होती. फक्त शील्ड्सनं काय दुरुस्त केलं ते बघा: स्प्रिंग, म्हणजे यंत्रातला हलणारा भाग. हलणारा भाग बिघडला तर यंत्र चालत नाही. हवा कोंडणारी टाकी बिघडली तर माणूस जायबंदी होतो. पुढचं सगळं या एका फरकावर आहे.

बोरघाट आणि आल्प्स

आता आपल्याकडे येऊ. १८५६ साली बोरघाटात रेल्वेचं काम सुरू झालं. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट, त्यात पंचवीसेक बोगदे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची बायको अ‍ॅलिस ट्रेडवेल हिनं कंत्राट पुढे चालवलं. हजारो मजूर, पहार आणि हातोडा, हातानं पाडलेल्या भोकात ठासलेली बंदुकीची दारू. पटकी आणि अपघातांत किती माणसं गेली याचे नुसते अंदाज आहेत, आणि ते हजारांत आहेत. १८६३ मध्ये घाट खुला झाला.

बरोबर त्याच वर्षांत युरोपात फ्रान्स आणि इटलीच्या मध्ये आल्प्सखाली सुमारे १३ किलोमीटरचा मों सेनीचा बोगदा खणला जात होता. १८५७ मध्ये काम हातानंच सुरू झालं. असंच खणत गेलो तर पंचवीसेक वर्षं लागतील असा अंदाज होता. मग १८६१ पासून जेर्मां सोमेये या इंजिनिअरनं दाबाच्या हवेवर चालणारी ड्रिल आत नेली. बाहेर डोंगरातल्या पाण्याच्या जोरावर हवा दाबायची, नळानं आत पाठवायची, ड्रिल चालवायची आणि तीच हवा मजुरांना श्वासाला. बोगदा १८७१ मध्ये खुला झाला, अंदाजाच्या जवळपास निम्म्या वेळात. सोमेये त्याच वर्षी, उद्घाटनाच्या थोडं आधी वारला.

दाबाच्या हवेनं मजुराच्या हातातली पहार काढून घेतली हा तिचा मोठा उपकार. महाराष्ट्रात ही विद्या कारखान्याच्या रूपानं रुजायला आणखी बरीच वर्षं लागली. किर्लोस्कर न्यूमॅटिक पुण्यात निघाली १९५८ साली. त्यानंतर कॉम्प्रेसर खाणीतून, धरणाच्या कामावरून उतरत उतरत गॅरेजमध्ये, रंगाऱ्याकडे, दाताच्या डॉक्टरकडे आणि पंक्चरच्या टपरीत पोचला. आणि आता त्याचा हा तीनशे बारवाला भाऊ घरात आलाय.

हवा दाबली की तापते

सायकलला पंप मारताना पंपाचं खालचं टोक गरम होतं, हे लहानपणी सगळ्यांनी बघितलंय. सोमेयेलाही हीच अडचण होती. त्याच्या यंत्रात हवा पाण्याच्या संगतीनं दाबली जायची, म्हणून ती थंड राहायची.

आता साधा हिशेब. उष्णता बाहेर जाऊच दिली नाही आणि खोलीतली हवा एका दमात ३०० बारला नेली, तर कागदावर तिचं तापमान येतं १२०० अंशांच्या वर. कुठलंही सील यात टिकणार नाही. म्हणून हवा टप्प्याटप्प्यानं दाबतात आणि मध्ये थंड करतात. दोन समान टप्पे केले तरी प्रत्येक टप्प्याला कागदी आकडा ४०० अंशांच्या आसपास जातो. प्रत्यक्षात धातू आणि पाणी बरीच उष्णता ओढून घेतात म्हणून यंत्र तगतं. तुमच्या पेटीतला तो फालतू दिसणारा पाण्याचा पंप आणि बादलीतली नळी या कामासाठी असते.

हे तंत्र मोठ्या प्रमाणावर पुढे नेलं ते आरमारांनी. १८६६ मध्ये रॉबर्ट व्हाइटहेडनं फ्यूमे बंदरात दाबाच्या हवेवर पळणारा पहिला टॉर्पेडो केला. त्यात साधारण २५ वातावरणाचा दाब होता. जास्त दाब म्हणजे जास्त लांब पल्ला, म्हणून पुढच्या काही दशकांत आकडा कितीतरी पट चढला. जहाजावर मावतील असे छोटे पण मोठ्या दाबाचे कॉम्प्रेसर त्यातूनच घडत गेले.

आणि आता रुडॉल्फ डिझेल. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो हे आपल्याकडे ट्रॅक्टरवाल्या प्रत्येकाला माहीत आहे. हवा एवढी दाबायची की तिच्या उष्णतेनंच इंधन पेटावं. ऑगस्ट १८९३ मध्ये जर्मनीत आउग्सबुर्गला त्याच्या पहिल्या इंजिनाची चाचणी झाली तेव्हा दाब ८० वातावरणापर्यंत उसळला आणि दाब मोजायचं उपकरणच फुटून उडालं. चालणारं इंजिन हाती यायला १८९७ उजाडलं.

इंजिनात जे मुद्दाम करतात तेच कॉम्प्रेसरमध्ये नकळत होऊ शकतं. सील कोरडं वाटलं म्हणून कुणी इंजिन ऑइल सोडतो, कुणी ग्रीस चोपडतो, कुणी पेट्रोलनं धुऊन न वाळवताच जोडतो. तापलेली, दाबलेली हवा आणि तेलाची वाफ एकत्र आली की पेटायला ठिणगी लागत नाही. म्हणून या यंत्रात तेल घालायचं ते उत्पादकानं सांगितलेलंच, सांगितलं तेवढंच आणि सांगितलं तिथेच.

कायदा कसा आला

वाफेच्या दाबाला आवर घालायची युक्ती जुनी आहे. द्नी पापाँनं १६८० च्या आसपास, आजच्या प्रेशर कुकरच्या पणजोबावर, वजन ठेवलेला सेफ्टी व्हॉल्व्ह बसवला होता. तरीही पुढची दोनशे वर्षं बॉयलर फुटत राहिले. कारण काम लवकर उरकावं म्हणून व्हॉल्व्हवर जादा वजन ठेवणं किंवा तो बांधूनच टाकणं हा प्रकार सगळीकडे चालायचा.

बोरघाट खुला झाला त्याच १८६३ साली कलकत्त्यात एक मोठा बॉयलर फुटला, माणसं मेली. १८६४ मध्ये बंगालनं बॉयलर तपासणीचा कायदा केला. नंतर इतर प्रांतांनी आपापले कायदे केले, प्रत्येकाचे नियम वेगळे. शेवटी १९२३ मध्ये साऱ्या देशासाठी एक बॉयलर कायदा झाला. अमेरिकेतही हाच क्रम. २० मार्च १९०५ ला मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉक्टन गावी ग्रोव्हर बूट कारखान्याचा बॉयलर फुटला आणि ५८ माणसं गेली. त्यानंतर १९०७ मध्ये त्या राज्यानं नियम केले आणि पुढे मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संघटनेची बॉयलर संहिता आली. आधी माणसं मरतात, मग नियम येतो. हे काही आपलंच वैशिष्ट्य नाही.

पण बॉयलरचा कायदा वाफेचा. हवेच्या टाकीचं काय? इथे ती फट आहे.

गॅस सिलिंडरचे नियम स्फोटक पदार्थांच्या १८८४ च्या कायद्याखाली आहेत. १९४० पासून ते आहेत, सध्याचे २०१६ चे. त्यात सिलिंडर म्हणजे वायू साठवायचं आणि वाहून न्यायचं भांडं, ५०० मिलिलिटरपेक्षा मोठं आणि १००० लिटरपर्यंतचं. त्याहून मोठ्या टाक्यांना वेगळे नियम. रायफलची नळकांडी बहुतेक वेळा ५०० मिलिलिटरच्या आतच असते. पंक्चरवाल्याची टाकी वाहून न्यायचं सिलिंडर नाही आणि १००० लिटरचीही नाही.

कारखाना कायदा, १९४८, जो २०२५ पर्यंत लागू होता. त्याच्या कलम ३१ मध्ये स्पष्ट होतं की वातावरणापेक्षा जास्त दाबावर चालणाऱ्या यंत्राचा सुरक्षित दाब ओलांडला जाणार नाही अशी पक्की व्यवस्था करायला हवी. चांगलं कलम होतं. पण विजेवर चालणारा कारखाना म्हणजे कायद्याच्या मूळ व्याख्येत १० किंवा जास्त कामगार. २०२० च्या सुरक्षा-आरोग्य संहितेनं हा आकडा २० वर नेला. टपरीत कामगार किती? एक मालक, एक पोऱ्या. घरात तर तुम्ही एकटेच.

म्हणजे यंत्र लहान होत होत घरात आलं, दाब वाढत वाढत तीनशेवर गेला आणि कायद्याचा उंबरठा उलट उंच झाला. नियम भांड्याचं आकारमान आणि हजेरीपटावरची माणसं मोजून लागू होतात. फुटणाऱ्या टाकीला हजेरीपट माहीत नसतो. घरगुती हिशेब करा: ३ लिटरची बाटली गुणिले ३०० बार म्हणजे ९००. टपरीतली १०० लिटरची टाकी गुणिले १० बार म्हणजे १०००. हाताखाली मावणाऱ्या बाटलीत कोंडलेली ताकद जवळपास त्या अख्ख्या टाकीएवढी आहे.

मग घरी काय करावं, काय करू नये

घरी करता येण्यासारखं:
– ओ-रिंग, पिस्टनची सीलं बदलणं. माप आणि रबराची जात तीच हवी. नळाच्या दुकानातलं वॉशर चालत नाही.
– थंड करणाऱ्या पाण्याचा पंप, नळी, फिल्टर साफ करणं.
– पाणी काढायचा व्हॉल्व्ह दर थोड्या वेळानं उघडणं. दाबलेल्या हवेतून पाणी सुटतंच, आणि कोकणातल्या पावसाळ्यात तर विचारू नका. हेच पाणी टाकी आतून गंजवतं.
– मोटरचं काम, वायरिंग, पट्टा.

हे सगळं करण्याआधी प्लग काढायचा, हवा सोडायचा स्क्रू उघडायचा आणि हवेचा आवाज पूर्ण थांबेपर्यंत थांबायचं. गेज शून्य दाखवतंय एवढ्यावर विसंबू नका. गेजही बिघडतं, आणि झडपेच्या पलीकडे नळीत हवा अडकलेली असू शकते. दाब असताना नट आवळायचाही नाही आणि सैलही करायचा नाही. गळती बोटानं चाचपायची नाही, साबणाचं पाणी लावायचं. बारीक भोकातली ही हवा कातडीखाली शिरते.

घरी करू नये असं:
– टाकी, बाटली किंवा दाबाचा पाइप वेल्ड करणं, घासणं, नवीन आटे पाडणं. वेल्डर कितीही चांगला असो.
– सेफ्टी व्हॉल्व्ह बंद करणं. या यंत्रात बहुधा शर्टाच्या बटणाएवढी पातळ धातूची चकती असते. दाब हाताबाहेर गेला की ती फुटते आणि हवा सोडून देते. ती पुन्हा पुन्हा फुटते म्हणून दोन चकत्या एकावर एक बसवणं किंवा जाड पत्रा कापून घालणं म्हणजे जुन्या बॉयलरवाल्यांनी व्हॉल्व्ह बांधून ठेवला तोच प्रकार. चकती फुटत असेल तर दोष दुसरीकडे आहे, तो शोधा.
– दुरुस्त केलेली टाकी हवा भरून 'टेस्ट' करणं. टाकी पाण्यानं भरून तपासतात, त्याला कारण आहे. पाणी जवळपास दबत नाही, त्यामुळे भांडं फाटलं तरी स्फोट होत नाही. हवा स्प्रिंगसारखी उसळते.
– या पंपानं डायव्हिंगची टाकी भरणं. श्वासाच्या हवेत तेलाची वाफ आणि कार्बन मोनॉक्साइड चालत नाही. त्याचे फिल्टर आणि तपासणी वेगळी असते.

आता मागणी

मला या यंत्रांवर बंदी नको आहे. बंदी आली की तीच दुरुस्ती दार लावून होईल आणि धोका वाढेल. घरी दुरुस्ती करणाऱ्यालाही मी मूर्ख म्हणणार नाही. ज्याला सुटा भाग मिळत नाही, माहितीपुस्तक मिळालं तर मोडक्या इंग्रजीत मिळतं आणि तपासणीसाठी शंभर किलोमीटर जावं लागतं, तो दुसरं काय करणार?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही क्षेत्रं घेतली. चांगलंच झालं. पण तिथे चर्चा पैशाची आणि सोयीची आहे. दाबाच्या यंत्रात दुरुस्तीचा हक्क हा जिवाचा प्रश्न आहे. म्हणून तीन साध्या गोष्टी मागूया.

एक, विकणाऱ्यानं सीलं, चकत्या आणि व्हॉल्व्ह सुटे विकले पाहिजेत आणि मराठीत माहितीपत्रक दिलं पाहिजे. कोणता भाग उघडायचा, कोणता नाही, हे चित्रासकट.

दोन, आयटीआय जवळपास प्रत्येक तालुक्यात आहे. तिथे पाण्याच्या दाबानं टाकी तपासायची सोय करता येईल. पंक्चरवाला, रंगारी, नेमबाजी क्लब, सगळे तिथे टाकी नेतील. फी परवडणारी हवी आणि पहिल्यांदा आलेल्याला दंडाची भीती नको, नाहीतर कुणी फिरकणार नाही.

तीन, तपासणीचा नियम कामगार किती यावर न ठरवता दाब किती आणि भांडं केवढं यावर ठरवा. राज्य सरकारला नियम करताना हे करता येण्यासारखं आहे. आपल्या आमदारांना निदान एवढं विचारा.

नियम होईल तेव्हा होईल. तोवर उद्या सकाळी एक काम करा. तुमच्या ओळखीच्या पंक्चरवाल्याकडे, क्लबात किंवा स्वतःच्या घरी टाकीखालचा पाण्याचा कॉक उघडून बघा, आधी हवा सोडून. लालसर, गंजाचं पाणी आलं तर ती टाकी आतून खात चालली आहे. तिला ठिगळ लावू नका, बदला.

आणि तुमच्या तालुक्यात टाकीची पाण्याच्या दाबाची तपासणी कुठे होते ते माहीत असेल तर खाली कमेंटमध्ये लिहा, फक्त ठिकाण आणि साधारण खर्च. यादी झाली तर सगळ्यांच्याच कामाला येईल.